अप्पा मोजतायत

१० ऑगस्ट, रविवार
दादा सकाळच्या बसने इंदूरला गेला. राखी बांधून घेतली आणि तंबी देऊन गेला. चूक माझीच. बुधवारी अप्पा पलंगावरून घसरले आणि दोन तास फरशीवर होते, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं. काखेत हात घालून पाहिलं, चादरीवर घेऊन ओढून पाहिलं, एकटीच्याने काही होईना. शेवटी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि शेजारीच बसून रडले. खालचे भाडेकरू दुकानातून जेवायला आले तेव्हा कुठे वर घेतलं.

दादा म्हणतो, "भाऊबीजेला येतो. तोवर तुझ्याने एकटीने उचलले जात असतील तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मी घेऊन जातो. तिथे एक चांगलं सेवाघर बघून ठेवलंय."
बघून ठेवलंय. म्हणजे राखीच्या आधीच.

अप्पा एकसष्ट किलो. मी चौसष्ट, पण ते सगळे खुर्चीत बसून कमावलेले. जानेवारीत झटका आला, त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पण मी निंबोल्याहून शाळा करून आले की माझ्याकडे बघतात, ते बघणं शाबूत आहे. परक्या खोलीत ते कुणाकडे बघतील? मी पाठवणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१२ ऑगस्ट
अप्पांचे व्यायाम घ्यायला येते त्या पूर्वाला विचारलं. पोरगी सव्वीस वर्षांची, हिंदी-मराठीची खिचडी. "मॅडम, आप पूरा कमर से उठाते हो. कमर नाही, कुल्ह्यातून जोर आला पाहिजे. केटलबेल सुरू करा, मी शिकवते."

संध्याकाळी तिच्या जिममधून आठ किलोचा घेऊन आली. लोखंडी गोळा, वर जाड कडी. मंडीत काट्यावर असायची ती वजनंच आठवली. पूर्वा म्हणे, रशियात हे धान्य तोलायलाच वापरायचे. तिचं तिला ठाऊक. अप्पांनी चाळीस वर्षं मंडीत तुलावटी म्हणून धान्य तोललं, त्यांच्या घरात असला गोळा फिरून यायचाच होता.
त्यांच्या पलंगाजवळून मधल्या खोलीत नेताना त्यांनी डावा हात उचलला. गोळा दाखव, असं म्हणायचं असेल. दाखवला. कडीला बोट लावलं आणि डोळे मिटले.

१४ ऑगस्ट
भिंतीला पाठ करून उभं राहायचं, एक वीत पुढे. गुडघे फार न वाकवता बूड मागे नेऊन भिंतीला टेकवायचं. पाठ फळीसारखी. वीस वर्षं मुलांना 'नीट उभे राहा' म्हणतेय, स्वतःला उभं राहता येत नाही हे आज कळलं. पूर्वा हसत होती. "मॅडम, नमस्ते नहीं करना है, बैठना भी नहीं है."
मग नक्की करायचं काय, ते तिलाच ठाऊक.

१८ ऑगस्ट
गोळा दोन पायांच्या मध्ये ठेवून जमिनीवरून नुसता उचलायचा नि ठेवायचा. आठ-आठचे तीन. मांड्या पेटल्यात. जिना उतरताना कठडा धरावा लागला, भागाबाई हसली. (मी शाळेत असते तेव्हा अप्पांपाशी तीच असते. बाई गुणी, तोंडाची तिखट.)

२० ऑगस्ट, बुधवार
आधी हे लिहिते.
अप्पा बोलले.
मी मधल्या खोलीत गोळा उचलत होते. तिसऱ्या-चौथ्याला ऐकू आलं, पण वाटलं रस्त्यावर कुणी असेल. थांबले तर आवाज पलीकडच्या खोलीतून. "सहा… सहा… सहा…" पुन्हा उचलला. "सात." जुनाच आवाज, मंडीतला, थोडा गाण्यासारखा. एकविसापर्यंत मोजलं. मी धावत गेले. ते छताकडे बघत होते. अप्पा म्हटलं, नंदा म्हणा म्हटलं. "एकवीस… एकवीस…"

लहानपणी मी शाळेतून मंडीत जाऊन त्यांच्या मागे पोत्यावर बसायचे. शेतकऱ्याची रास समोर. पहिल्या पारड्याला एक म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. आणि पुढचं पारडं पडेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत राहायचे, म्हणजे विसर पडत नाही. मध्ये कुणी हाक मारायची नाही. मीसुद्धा नाही.

आज मी चोवीस केले होते. त्यांचे एकवीस. तीन चुकले असतील. सात महिन्यांनी बोललेल्या माणसाशी तिनावरून कोण भांडणार. पूर्वाला फोन केला. म्हणाली, होता है, गिनती अपने आप निकलती है, शब्द नाही निघत. दादालाही केला. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

२२ ऑगस्ट
दोन दिवस "एकवीस" चाललंय. भरवताना, स्पंज करताना, सारखं. आज मी गोळा एकदा उचलला आणि पलीकडून आलं, "बावीस."
म्हणजे ते आज नव्याने मोजत नाहीत. बुधवारचंच पुढे चाललंय.
साहजिक आहे. रास एका दिवसात तोलून झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.
पण कुठली रास?

२९ ऑगस्ट
पूर्वाने झोका शिकवला. गोळा पायांमधून मागे, मग कुल्हे पुढे फेकायचे, गोळा आपोआप छातीपर्यंत येतो. हातांनी ओढायचा नाही, हात म्हणजे नुसते दोर. पहिले दहा मी हातांनीच ओढले. अप्पांनी त्यातला एकही मोजला नाही. अकरावा बरा गेला. "पंच्याऐंशी."
पूर्वा दाराकडे बघत राहिली. "अंकल को दिखता है क्या?"
दिसत नाही. मध्ये भिंत आहे. दार लावून करून पाहिलं. खांदे चढले, पाठ वाकली, की पलीकडे जुनाच आकडा घोळतो. नीट झाला की पुढचा. पूर्वा म्हणाली, मॅडम, मुझसे अच्छे कोच तो ये हैं. हसली, पण आज पाच मिनिटं आधीच गेली.
शेवटचा एकशे अठरा.

८ सप्टेंबर
आता बारा किलोचा. पितृपक्षात नवं काही आणू नये म्हणून भागाबाईने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, नवा कुठे, जिममधला जुनाच आहे.
पाठदुखी गेली. शाळेचा जिना चढताना दमायला होत नाही. मी एकोणपन्नासाव्या वर्षी आरशात दंड बघितला, हे कुणाला सांगायचं नाही.
दोनशे पंचेचाळीस.
भागाबाई म्हणते, "ताई, बाबा दिनभर एकच आकडा बोलतस. माले भेव लागस." मी म्हटलं, बोलतायत हेच नशीब. तिला पटलं नाही. मलाही पूर्ण नाही, पण तिच्यासमोर कशाला.

१६ सप्टेंबर, मंगळवार
हे नीट लिहायला हवं.
काल संध्याकाळी आकडा तीनशे बहात्तरवर थांबला. आज सकाळी शाळेत जाताना तेच चालू होतं. व्यायाम आज नव्हता.
शाळेत मधल्या जेवणाच्या तांदळाचं पोतं दारात आडवं पडलं होतं, मुलं अडखळत होती. शिपाई आला नव्हता. मी पाय रोवले, कुल्हे मागे, पाठ सरळ, एका दमात उचललं आणि कोपऱ्यात ठेवलं. स्वतःवर खूश झाले. नुकतीच प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला होता. सव्वाअकरा.
घरी आले तर अप्पा "तीनशे त्र्याहत्तर."
भागाबाईला विचारलं, काही उचललंस का? कुणी आलं होतं का? ती म्हणाली, "मी काही नही करं. सकाळनी गोष्ट शे. मी कांदा चिरत व्हतू. बाबांनी एकदम आकडा बदल्या. घड्याळ दखं मी, सव्वा अकरा."
शाळा निंबोल्यात आहे, इथून काही भिंतीपलीकडे नाही.

१८ सप्टेंबर
व्यायाम बंद.
पूर्वाला सांगितलं, बरं नाही. काय सांगणार? वडील बसल्या जागी माझं पोतं मोजतात, असं?
दोन दिवस विचार करतेय. गोळा हे पारडं नाही. पारडं मी आहे. प्रत्येक नीट उचलण्याला एक माप रासेतून कमी होतं, आणि ती रास माझी नसणार. ज्याची असते तोच समोर बसलेला असतो आणि तुलावटीच्या तोंडाकडे बघत असतो. इथे अप्पांच्या समोर दुसरं कुणी नाही. म्हणजे रास त्यांचीच, आणि ती संपली की तेही.
बी.एस्सी. बी.एड. बाई काय लिहितेय हे. पण लिहिलं ते खोडणार नाही.

२३ सप्टेंबर
तीनशे त्र्याहत्तर. तीनशे त्र्याहत्तर. तीनशे त्र्याहत्तर.
केळं कुस्करून दिलं, तोंडातच ठेवतात, कारण गिळायचं तर आकडा थांबतो. झोपेतही ओठ हलतात. पाच दिवसांत गाल बसले. डावा हात वर धरून ठेवतात, पुढचं टाका म्हणून हमालाला खूण करायचे तसा. दुखून खाली येतो, पुन्हा वर.
दादाचा फोन. "उचलता येतं का ग आता?" म्हटलं, येईल. म्हणाला, महिना राहिला.

२७ सप्टेंबर
आज त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठांवर आकडा, पण डोळ्यांत पाणी. माझ्या बापाला मी असं टांगून ठेवलंय. धान्य अर्धं तोलून काटा सोडून जाणाऱ्याला मंडीत काय शिव्या बसायच्या, मी ऐकल्यात.
गोळा घेतला. एक झोका. "तीनशे चौऱ्याहत्तर." आणि असा लांब श्वास सोडला की मला पलीकडे ऐकू आला.
वीस केले. मग एक अख्खं केळं आणि वाटीभर वरण-भात खाल्ला.
मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

६ ऑक्टोबर
सोळा किलो. पूर्वा म्हणाली, तीन-चार महिन्यांचं काम दोनात केलंत, आता अंकलला उचलायची पद्धत शिकवते. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांत धरायचे, कमरेच्या पट्ट्याला धरायचं, त्यांना छातीशी घ्यायचं आणि कुल्हे पुढे. झोकाच, फक्त गोळ्याच्या जागी माणूस. आज पूर्वाने एका बाजूने हात दिला. दोघींनी उचललेलं अप्पा मोजत नाहीत.
आठवड्याला पंचेचाळीस-पन्नासच करते. कमी केले तर ताकद जाईल, जास्त केले तर… मध्यम मार्ग. एरवी शाळेत हेच शिकवते.
चारशे एकोणपन्नास.

१३ ऑक्टोबर
भागाबाई गेली. दिवाळीला गेली असं सांगायचं, पण ती येणार नाही. जाताना पाया पडली, आधी अप्पांच्या, मग माझ्या. मी तिच्याहून लहान आहे.
कारण तिने आधी पाहिलं, मी नंतर. अप्पा आता डाव्या पंजाने चादरीवरून काहीतरी ओढतात. कडेकडून आत. बोटं जुळवून, तळहात किंचित खोल करून, हळू. मग पुन्हा दुसऱ्या कडेकडून.
भागाबाईला वाटलं चादर टोचते. मला विचारत होती, काय शोधी ऱ्हायनात बाबा?
मी सांगितलं नाही. मला माहीत आहे. रास सरत आली की तुलावटी कडेला विखुरलेले दाणे पंजाने मध्ये ओढतो.

१४ ऑक्टोबर
विचारलं. शेवटी विचारलंच. "अप्पा, किती राहिलं?"
मान हलवली. नाही म्हणून. शेतकरीही विचारायचे, अंदाजे किती भरेल हो? ते कधी सांगायचे नाहीत. रास संपेपर्यंत अंदाज सांगायचा नाही, त्यांचा नेम होता. कुणाचा दाणा इकडचा तिकडे केला नाही, म्हणून चाळीस वर्षं दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडून तोलून घ्यायचे. मला त्याचा अभिमान होता. आज राग आला.

१९ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. एकटी आहे. आज पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय. पलंगावरून खुर्चीत.
अप्पा केवढे हलके लागले. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर. तेल आणि बाळंतशेपासारखा कसला तरी वास. सहावीत ताप आला होता तेव्हा त्यांनी मला असंच दवाखान्यात नेलं होतं. वाटलं, जमलं. जिंकले.
कानाशीच म्हणाले, "पाचशे एकोणचाळीस."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दादा आला. ओवाळलं. मावाजलेबी खाऊन झाली, मग म्हणाला, "दाखव."
मी म्हटलं, चहा तर घे. म्हणाला, आधी दाखव, मला उशीर नको.
त्याच्यासमोर मला मुद्दाम हरताही आलं असतं. एकदा पाय घसरल्यासारखं केलं असतं तर अप्पा इंदूरला गेले असते. तिथे चार दांडगे वॉर्डबॉय उचलणार, माझं एकही माप पडणार नाही. हा विचार पट्टा धरेपर्यंत डोक्यात होता. मग वाटलं, तिथे डावा हात वर धरून, एकच आकडा घोळवत, न गिळता. कुणाला कळणार, त्यांना काय हवंय?
उचललं. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. श्वाससुद्धा चढला नाही.
दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "राहू दे इथेच," म्हणाला. "मी उगाच बोललो तेव्हा." जाताना अप्पांच्या पायांना हात लावून म्हणाला, "बोलायला पण लागले ग. पाचशेच्या वर नीट मोजतात. डॉक्टरला सांगितलं पाहिजे."
पंजा चादरीवरून फिरत होता. त्याने तो हातात घेऊन कुरवाळला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सोळा किलोचा गोळा रविवारपासून उचललाच नव्हता, तो पूर्वाच्या जिममध्ये परत दिला. म्हटलं, झालं माझं काम. ती म्हणाली, छोड़ना मत मॅडम. बरं म्हटलं.
गोळा गेला तरी काही फरक नाही. भाऊबीजेपर्यंत उचलायला खालचे भाडेकरू हात देत होते, कालपासून तेही गावाला गेलेत. सकाळी शौचाच्या खुर्चीत, तिथून परत. अंघोळीला, परत. संध्याकाळी खिडकीपाशी, परत. दिवसाचे सहा. न उचलावं तर पाठीला जखमा होतील. दुसरी बाई शोधतेय, सुट्टीत कुणी मिळत नाही. मिळाली तरी तिच्याबरोबर दोघींनी उचलायचं ते फक्त दिवसा.
काल सहा मोजले. आज सकाळी दोन. पंजा आता चादरीच्या अगदी मध्ये फिरतो. कडेला काही उरलेलं नाही.

दुपारी अंघोळीला न्यायचं होतं. पट्टा धरला. आणि मी कुल्हे मागे नेले नाहीत. गुडघे ताठ ठेवले, पाठ गोल केली, सगळं वजन कमरेवर घेऊन ओढलं. पूर्वाने पहिल्या दिवशी जे करू नका सांगितलं होतं ते सगळं.
कमरेत चर्र झालं. खुर्चीत टेकवले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते.
अप्पांनी मोजलं नाही. जुनाच आकडा. पाचशे एकोणपन्नास.

मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने ते मंडीत एका अडत्याकडे बघताना मी पाहिलंय. त्याने पारड्याखाली पायाचा अंगठा लावला होता. काटा मारणाऱ्याशी अप्पा आयुष्यभर बोलले नाहीत, आणि आता घरात मुलगीच काटा मारतेय. बघत राहिले, मान हलवली. मी नजर वळवली नाही. म्हटलं, काय करायचं ते करा, अप्पा.

परतही तसंच आणलं. मोजलं नाही.

आता पाचला खिडकीपाशी न्यायचंय, तिथून परत. कंबर धरून भिंतीला टेकून लिहितेय, बसता येत नाही. पलीकडे तेच चाललंय, पाचशे एकोणपन्नास. अजून तरी तेच.